हार्बर हाइट्सचा आगाऊ यू

"काकांचा मेसेज आलाय! आता पार नया नगरच्या सोसायट्यांपर्यंत फिरेल बघ!" अनुष्का मोबाइल नाचवत जिन्यातून धडधडत खाली आली.

सोसायटीच्या ग्रुपवर 'हार्बर हाइट्स'च्या नव्या इंग्रजी पाटीचा फोटो होता. (हार्बर दिसतं का इथून? छे! दिसते ती शेजारच्या बिल्डिंगची टाकी.) खाली सेक्रेटरी हरिश्चंद्रकाकांचा मेसेज: 'पेंटरने हार्बरच्या स्पेलिंगमध्ये फालतू यू घुसवला. याला कुणी काम देऊ नका!'

पंचशीलाचे डोळे भरून आले. पेंटर म्हणजे तिचे पप्पा, सहादेव! "पप्पांनी आधी पेन्सिलीने नमुना काढून कमिटीच्या सह्या घेतल्या होत्या. काका म्हणतात, सह्या झाल्यावर नमुन्यात यू घुसवला. पप्पा खोटारडे ठरले ना!"

"पण यू चुकीचा आहे, असं म्हणतं कोण?" निहारने विचारलं. हा पठ्ठ्या सुट्टीतही शब्दकोश वाचतो!

"काकांचा अमेरिकेतला भाचा."

"तरीच! दोनशे वर्षांपूर्वी तिकडच्या वेब्स्टर नावाच्या कोशकाराने या यूची उचलबांगडी केली. ब्रिटिशांनी तो ठेवला. फ्रेंचमधून आलेल्या 'कलर'सारख्या शब्दांत तो होता. हार्बर मूळचा इंग्रजीच, पण तोही त्याच पंगतीत जाऊन बसला! दोन्ही स्पेलिंगं बरोबर आहेत."

"स्पेलिंग राहू दे रे! पप्पांवरचा आळ कसा जाणार?"

"एक सांग," अनुष्का हळूच म्हणाली, "सही करताना कमिटी वाचते तरी का?"

दुपारी तिने एक कागद घेऊन काकांची बेल वाजवली.

"काका, सुट्टीतल्या कार्यक्रमाला परवानगी हवीय."

"आण इकडे!" टीव्हीवरची मॅच बघत बघत काकांनी सही ठोकली.

"सेक्रेटरींची आहे ना? मग झालं!" म्हणत कमिटीतल्या उर्मिलाकाकूंनी भाजी ढवळता ढवळता केली. खजिनदार रोहितकाकांनी तर फोनवर बोलता बोलता दोनदा केली!

संध्याकाळी सोसायटीच्या भर सभेत निहारने कागद वाचला. "आम्ही खाली सह्या करणारे, मुलांना गच्चीवर हत्ती पाळायला आणि त्याला लिफ्टने वर न्यायला परवानगी देत आहोत!"

हॉलमध्ये हशा पिकला. काका लालबुंद! "ही फसवणूक आहे!"

"सही तुमचीच आहे, काका." पंचशीला उठली. "पप्पांच्या नमुन्यावरही तुम्ही अशीच केलीत. यू पहिल्यापासून होता. तुम्ही बघितलाच नाहीत."

"खरं सांगू?" उर्मिलाकाकू पुटपुटल्या. "मीसुद्धा वाचलं नव्हतं."

काका उठून थेट दाराशी उभ्या असलेल्या सहादेवांकडे गेले आणि त्यांनी हात जोडले. "चुकलो मी. तुमची लेक आणि तिची गँग, शाबास आहे हां यांची!"

तिथेच उभं राहून त्यांनी मोठ्याने म्हणत म्हणत टाइप केलं: 'सहादेवरावांची पाटी बरोबर आहे. चूक माझी आहे. बी आणि सी विंगच्या पाट्याही तेच रंगवतील.'

हॉलभर मोबाइल वाजले. पंचशीला धावत जाऊन पप्पांना बिलगली.