ऑर्गनच्या पोटातले बूट

ऑर्गनच्या बाजूची फळी काढलेली, आणि तिथून बाहेर आलेले दोन बूट. एकाची नाडी सुटलेली.

तिसरं कडवं.

नळीच्या तोंडाशी मेलेला पतंग.

दादाची छत्री, चर्चच्या शेवटच्या बाकाखाली, वर्षभर तशीच.

छत्रीपासूनच सांगायला हवं. कारण त्या भुरभुर पावसाच्या सकाळी ती आली होती गेलेल्या भावाची, दादाची छत्री न्यायला, आणि दिसले ते बूट.

"कोण आहे?"

"पाय माझेच आहेत," ऑर्गनमधून आवाज आला. "बाकीचा मी आत आहे. रिकाम्या असाल तर जरा पट्ट्या दाबता?"

तो सूर लावणारा कारागीर होता. ऑर्गन दुसऱ्या चर्चला देऊन टाकायचा होता, त्याआधी सूर जुळवायला आलेला. देऊन टाका, हा हट्ट तिचाच. वडील तिथले पाळक. ते म्हणाले, "बरं बाळा."

दादाच्या अंत्यविधीला तीच वाजवत होती. तिसऱ्या कडव्यात, शेवटच्या ओळीच्या तोंडावर, हात थांबले ते थांबलेच. त्यानंतर तिने ना ऑर्गनला हात लावला, ना देवाशी अवाक्षर बोलली.

"मी वाजवत नाही," ती म्हणाली.

"वाजवू नकाच! वाजवणाऱ्यांचा मला फार जाच होतो. फक्त एक पट्टी धरायची. मी 'पुढची' म्हणालो, की एक सोडून पुढची."

ती बसली. एक पट्टी धरली. आत टकटक व्हायची आणि थरथरणारा सूर हळूहळू सरळ व्हायचा.

"पुढची."

"आत अंधार नाही का?"

"आहे की. स्वतःचा हात दिसत नाही."

"आणि मी उठून गेले तर?"

"सूर येतोय... म्हणजे कोणीतरी आहे." आत पुन्हा टकटक झाली. "आई गेली त्या वर्षी मी अशीच प्रार्थना करायचो. दिसायचं कोणीच नाही. पण सकाळी उठण्यापुरतं बळ यायचं. तेवढ्यावर वर्ष काढलं."

"आणि... तेही आलं नाही तर?"

"तर हाका मारायच्या. प्रभूला माझ्या हाकांची सवय झालीय. तुम्हालाही होईल."

"मला कशाला?" तिचे कान तापले. "तोंड कमी चालवा. पुढची?"

"पुढची."

ही पट्टी दाबली, तर आवाजच नाही. आत खुडबुड झाली, मग फुंकर.

"पतंग अडकला होता हो. नळी धडधाकट आहे. वारा तर खालून येतच होता सगळा वेळ..."

आणि सूर फुटला. तोच. वर्षापूर्वी जिथे हात थांबले होते, तोच. आता एक सोडून पुढची पट्टी दाबायची होती. पण बोट आपसूक शेवटच्या ओळीकडे वळलं. एक सूर, दुसरा, तिसरा... ओळ पुरी झाली.

टकटक थांबली. बूट हलले. धुळीने माखलेलं एक डोकं बाहेर आलं.

"हे मी मागितलं नव्हतं."

"चुकलं माझं."

"पुन्हा चुका ना," तो हळूच म्हणाला.

तिने पहिल्या कडव्यापासून सुरुवात केली. डोळ्यांतून धारा, तरी हात थांबले नाहीत. मनात एकच शब्द होता, वर्षाने उच्चारलेला... प्रभू. संपल्यावर वळून पाहिलं, तर दारात बाबा. चष्मा पुसत ते कारागिराला म्हणाले, "राहू दे ऑर्गन इथेच."

"सूर पुन्हा कधी लावावे लागतील?" तिने विचारलं.

"सहा महिन्यांनी." तिच्याकडे पाहून त्याने घसा खाकरला. "हवा दमट आहे म्हणा... महिन्याने."

आला पंधरा दिवसांत.

लग्नात ऑर्गन वाजवायला दुसरं कोणी नव्हतं. नवरी स्वतःच वाजवून, झगा सावरत धावत त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. त्याला आता तीस वर्षं झाली. बाबा जाईपर्यंत हा किस्सा सांगून हसत.

एकट्याने सूर लावताना पट्टी दाबून ठेवायचं शिशाचं वजन त्या पहिल्या, पावसाच्या सकाळीही त्याच्या हत्यारांच्या पेटीत होतं.