दोघांपुरती भाषा

गाळप हंगामात श्रीगोंद्याच्या रस्त्यावर घाई करून उपयोग नसतो. पुढे उसाचा ट्रॅक्टर असला, की त्याच्या दोन ट्रेलरांमागे मुकाट चालायचं. त्या दुपारी तर एका ट्रेलरचं चाकच बसलं आणि रस्ता दोन्ही बाजूंनी तुंबला. कारखान्यातून घरी निघालेल्या रविराजने मोटरसायकल बंद केली आणि पाय टेकून उभा राहिला. घाई त्यालाही नव्हतीच. घरी आई होती, आणि आईने झाकून ठेवलेलं ताट.

शेजारी एक स्कूटी येऊन थांबली. तिच्यावरची मुलगी कानात वायर घालून स्वतःशीच पुटपुटत होती.

"सुडा मकान... सुडा मकान..."

रविराजने झटकन मान वळवली. दोन वर्षं हे शब्द त्याच्या कानावर पडले नव्हते.

"सुदा माकान," तो म्हणाला. म्हणायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं.

तिने वायर काढली. "काय म्हणालात?"

"जेवण झालं का, असंच विचारताय ना? मग मा लांबवा. सुदा माकान."

"मी काय विचारतेय ते मला माहितीये! तुम्हाला कसं माहीत?"

"जावा बेटावर होतो. साखर कारखान्यात."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "मी पुण्यापासून शोधतेय हो, ही भाषा बोलणारं माणूस. आणि तुम्ही इथे उसामागे उभे?"

"उभा कुठला. अडकलोय."

ती खळखळून हसली. वाऱ्याने उसाचं एक वाळकं पान उडून तिच्या केसांत अडकलं होतं. रविराजला ते सांगावंसं वाटलं... पण त्याने सांगितलं नाही.

तिचं नाव सुकन्या. मूळची शेवगावची, इथल्या कॉलेजात तासिकांवर इतिहास शिकवायची. जावातल्या एका विद्यापीठात आग्नेय आशियाचा अभ्यास करायला दोन वर्षांची शिष्यवृत्ती होती. ऑनलाइन मुलाखत तेवढी बाकी होती, आणि तिच्यात थोडं तिथल्या भाषेत बोलायचं होतं. पुस्तकातून ती सगळं शिकली होती. बोलायला मात्र कुणी नव्हतं.

"शिकवाल मला?"

"नाही," रविराज म्हणाला. तेवढ्यात रस्ता मोकळा झाला आणि तो निघून गेला.

रविवारी ती दारात हजर. कारखान्याच्या गेटवर 'जावाला गेलेला पॅनमन', म्हणजे पाक शिजवून साखरेचा दाणा धरणारा, एवढंच विचारून तिने घर शोधलं होतं. रविराज तोंड उघडायच्या आत रतनबाई, त्याची आई, पुढे झाली.

"ये पोरी, बस. च्या घेतीस न्हवं?"

आईने चहा टाकल्यावर नाही कसं म्हणायचं? शिकवणी सुरू झाली. ओसरीवर ही दोघं, आणि पलीकडे भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेली रतनबाई. रविराज शिकवायचा ते सगळं कारखान्यातलं. वाफ. झडप. गरम. सावकाश.

"पॅनमनसाहेब, मी तिकडे साखर करायला चाललेले नाही हं," सुकन्या म्हणायची. "घरातलं बोला ना काहीतरी. दमलात का, भाजी कशी झालीये..."

"ते मला येत नाही."

"खोटं बोलताय."

"मॅडम, पुढचं घ्या."

येत तर त्याला सगळं होतं. जावात चार वर्षं राहून तो आणि नंदिनी, त्याची बायको, गावी परतले, तेव्हा घरात भाऊ, भावजय, त्यांची पोरं, आई आणि खोल्या दोनच. नवरा-बायकोला एकमेकांशी बोलायला जागा म्हणून नव्हती. मग ती दोघं सगळ्यांदेखत त्या भाषेत बोलायची. जेवताना नंदिनी हळूच म्हणायची, "आसिन." म्हणजे खारट. रविराजला हसू आवरायचं नाही आणि घास अडकायचा. अंगणापलीकडून ती म्हणायची, "चापेक." दमले. तो उठून पाण्याची कळशी घ्यायचा. घरात कुणाला काही कळायचं नाही.

पुढे भाऊ चाकणला गेला. खोल्या मोकळ्या झाल्या आणि नंदिनी तापाने गेली. आठवडाभरात सगळं संपलं. ती भाषा आता बोलायची कुणाशी? त्याने ती मिटून ठेवली.

एका रविवारी रतनबाईने सुकन्याला जेवायला बसवलं. पहिला घास घेतला आणि ती मिश्कील आवाजात रविराजला म्हणाली, "आसिन! बरोबर ना?"

रतनबाईचा वाढता हात थांबला. रविराज ताटावरून उठला आणि अंगणात गेला.

सुकन्या मागोमाग आली. "माझं काही चुकलं का?"

मग त्याने सांगितलं. लांबवून नाही, चार वाक्यांत. कारखान्याकडून मळीचा वास येत होता. ती म्हणाली, "मग तो शब्द मी नको का म्हणू?"

"म्हण," तो म्हणाला. "म्हणजे... म्हणा. कुणीतरी म्हणायला पाहिजे."

"पहिलं बरं होतं," ती म्हणाली आणि आत गेली.

तेव्हापासून तो घरातले शब्द शिकवू लागला. ती चुकायची, तो हसायचा. रविवारी सकाळी तो दाढी करू लागला. आई बघायची आणि शेंगा फोडायची.

मुलाखत चांगली झाली. निवडही झाली. सुकन्या पेढे घेऊन आली, तेव्हा रविराज तोंडभर "अभिनंदन" म्हणाला. नंतर पॅनजवळ उभं राहून त्याला सारखं वाटायचं, की आपणच शिकवून हिला लांब धाडली. आता पुन्हा तेच झाकलेलं ताट.

निघायच्या आदल्या दिवशी रतनबाईने तिला पुरणपोळीला बोलावलं. तिघं जेवायला बसली. सुकन्या विमानाचं, सामानाचं, काहीबाही बोलत होती. रविराज पोळीचे नुसतेच तुकडे करत होता. आईसमोर बोलायची सोय त्याच्याकडे होती. जुनीच. तो ताटाकडे बघत म्हणाला,

"जांगान पर्गी."

जाऊ नकोस.

सुकन्याचा हात वाटीवर थांबला. डोळे भरून आले. काही बोलणार, तोच रतनबाईने तिच्या पोळीवर तूप सोडलं आणि मान वर न करता म्हणाली,

"जाऊ दे तिला. इतकी शिकली ती, तुझं ताट झाकायला व्हय? थांबतो म्हन. तुंग्गू म्हन."

रविराजने मान वर केली. "आये... तुला कळतं?"

"इतकी वर्सं माझ्या ताटाम्होरं बोलत हुता दोघं. मी काय भिंत हाय का? तुमी आसिन म्हनलात की दुसऱ्या दिशी मीठ कोन कमी टाकत हुतं?"

"मग कधी बोलली का नाहीस?"

रतनबाईने तुपाची वाटी खाली ठेवली. "लई मानसं हुती घरात. तुमा दोघास्नी तेवढीच एक खोली हुती, बोलायची. तिच्यात मी कशाला शिरू?" मग ती म्हणाली, "नंदा गेली आन तूबी बोलायचा थांबलास. घर मुकं झालं, बाबा."

रविराजने सुकन्याकडे सरळ पाहिलं.

"साया तुंग्गू," तो म्हणाला. मी थांबतो.

"दोन वर्षं आहेत," सुकन्या डोळे पुसत म्हणाली. "जमेल?"

"पॅनमन आहे मी. दाणा तयार होईपर्यंत थांबणं हेच माझं काम."

"आणि घाई केली तर?"

"खोटा दाणा पडतो. सगळा पाक बिघडतो."

"मग थांबा," ती म्हणाली. "म्हणजे... थांब."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुण्याच्या एसटीत बसली. गाडी वळेपर्यंत तिचा हात खिडकीबाहेर होता. रविराज स्टँडवर उभा राहिला, मग घरी आला. ओसरी रिकामी होती. पण दोन रविवारांच्या मधे वाटायची, त्याहून जास्त रिकामी वाटली नाही.

हंगाम संपला. रस्त्यावर ट्रेलर राहिले नाहीत, सुकलेलं पाचट राहिलं. अशाच एका दुपारी तो कामावरून आला आणि फोन वाजला. तिकडे घड्याळ दीड तास पुढे. सुकन्याचा निरोप होता.

"सुदा माकान?"

त्याने आत पाहिलं. ताट झाकलेलं नव्हतं. चुलीपुढे रतनबाई दोन ताटं मांडून बसली होती.

"आये, जेवायची राहिलीस अजून?"

"तुझी वाट बघत हुते. काय म्हनती पोरगी?"

त्याने उंबऱ्यात उभ्या उभ्या उत्तर लिहिलं. "अजून नाही. आम्ही दोघं थांबलोय."