गंज लावलेले कंदील

"माझे कंदील कुठे आहेत?"

नाट्यगृहाच्या मागच्या अंगणात मी कंबरेवर हात ठेवून उभी होते. समोर खांद्यावर फळी घेतलेला एक उंच तरुण. नवीनच आलेला सुतार असावा.

"कंदील?"

"इथे भिंतीशी वाळत ठेवले होते!"

"अच्छा... ते गंजके?" तो निरागसपणे म्हणाला. "अंगण साफ करायला सांगितलं होतं. मघाशीच भंगारवाल्याला देऊन टाकले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"गंजके? प्लॅस्टिकचे होते ते! नवेकोरे, बाजारातले सगळ्यात स्वस्त! गंज मी लावला होता त्यांना, या हातांनी!"

त्याने फळी हळूच खाली ठेवली. "लावला होता? पण इतका खरा..."

"कौतुक नकोय मला. कंदील हवेत!"

उद्या नाटकाचा पहिला प्रयोग होता. वीज नसलेल्या गावातली गोष्ट, सगळे प्रवेश कंदिलांच्या उजेडात. रंगमंचावर खरी ज्योत चालत नाही, म्हणून हे विजेचे. नेपथ्याचं कंत्राट माझ्या काकांचं, आणि त्यांच्या कारखान्यात रंगाने हात बरबटून घेणारी मी.

भंगारवाल्याकडे त्या सुताराच्याच स्कूटरवरून जावं लागलं. पावसाची भुरभुर नुकतीच सुरू झाली होती. मी दोघांच्या मध्ये पिशवी ठेवून बसले.

"धरून बसा," तो म्हणाला.

"पडले तरी चालेल."

"तुम्हाला चालेल हो... पण मग कंदील कोण करणार?"

मी हसले नाही. म्हणजे, त्याला दिसेल असं हसले नाही.

बरेचसे कंदील धड मिळाले. चार मात्र एका लोखंडी कपाटाखाली चेपून पापड झाले होते. मला रडूच येत होतं, पण रडायचं सोडून मी त्याच्यावर ओरडले. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग वाटेत स्कूटर थांबवून तो दुकानात शिरला आणि चार चकचकीत कंदील घेऊन आला.

"काय करायचं ते सांगा. आज दुपारी मी तुमचा."

"'तुमचा मदतनीस' म्हणा!"

"तेच म्हणायचं होतं..." त्याचे कान लाल झाले होते.

कारखान्यात मी त्याच्या हातात काचकागद दिला. आधी सगळी चकाकी घासून काढायची. मग पातळ काळा रंग फासायचा आणि ओला असतानाच फडक्याने पुसायचा, म्हणजे खाचांत तेवढा मळ राहतो. गंजासाठी विटकरी रंगात गोंद आणि लाकडाचा बारीक भुसा. तो भुसा बोटाने थापत होता, जपून, बाळाला पावडर लावावी तसा. मी बघते आहे हे लक्षात आल्यावर त्याने मान वर केली... आणि मी घाईघाईने भलत्याच डब्यात ब्रश बुडवला.

प्रत्येक कंदिलात मी दोन लुकलुकते दिवे बसवत होते. एकच बसवला तर तो ठरावीक तालात लुकलुकत राहतो आणि सोंग उघडं पडतं. दोन्हींचा ताल वेगळा असला की उजेड ज्योतीसारखा थरथरतो.

"हा बिघडलाय बहुतेक," तो एका कंदिलाकडे बोट दाखवत म्हणाला. "फारच फडफडतोय."

"बिघडला नाही. तो दाराशी टांगायचा आहे. वाऱ्यात आहे तो."

तो कंदिलाकडे बघता बघता माझ्याकडे बघू लागला, आणि नजर काढायचं विसरला.

"रंग वाळतोय," मी दटावलं. "हात चालवा!"

दुसऱ्या दिवशी पडदा पडला तेव्हा टाळ्या थांबेनात. दिग्दर्शिका बाई धावतच विंगेत आल्या.

"काका, काय कंदील केलेत! पहिल्या रांगेतल्या एकाला रॉकेलचा वास आला म्हणे!"

काका छाती फुगवून म्हणाले, "माझी खास पद्धत आहे, बाई."

पद्धत तर माझी होती! मागे उभ्या असलेल्या सुताराने तोंड उघडलं. मी डोळे वटारले. त्याने तोंड मिटलं.

बाई काकांशी बोलत राहिल्या आणि मी त्याला जिन्याखाली गाठलं.

"गप्प का बसलात?"

"तुम्ही डोळे वटारलेत!"

"म्हणून गप्प बसायचं?"

"बोललो असतो तर म्हणाला असतात, माझ्या वतीने बोलणारे तुम्ही कोण?"

अगदी तेच म्हणाले असते मी. म्हणून आणखीच संताप आला. तो काकांवर होता, त्याच्यावर होता, पण सगळ्यात जास्त माझ्या स्वतःच्या बंद तोंडावर होता. मी वळले आणि तरातरा विंगेत गेले.

"बाई, ते कंदील मी केलेत. पद्धतही माझीच."

काका गोरेमोरे झाले. "अगं, घरचंच काम. तुझं काय नि माझं काय?"

"मग 'आमचं' म्हणायचं होतंत, काका. तुम्ही 'माझं' म्हणालात."

काकांनी चष्मा काढला, उगाच पुसला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "हिनेच केलेत, बाई. मी हातही लावलेला नाही."

बाईंनी माझे डाग पडलेले हात हातात घेतले. "पुढच्या नाटकाचं नेपथ्य तू करशील? तुझ्या नावावर?"

मी मान डोलावली.

बाहेर तो पायरीवर बसला होता. मला बघताच उठला.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग आता तरी राग गेला?"

"नाही. तुमच्यावर आहे अजून."

"आता मी काय केलं?"

"काहीच केलं नाहीत, म्हणूनच तर! काल दुपारभर नुसते बघत होतात... बोलणार कधी?"

तो गडबडला. "मला वाटलं... बोललो तर मार बसेल."

"बसेलही. आधी बोलून तर बघा."

"आवडता तुम्ही मला," तो एका दमात म्हणाला. "रागावलेल्या जास्तच."

"म्हणजे? शांत असले की नाही आवडत?"

"शांत अजून बघितलंच कुठे आहे तुम्हाला?"

हसू आवरेना. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले, बाहीला बाही लागेल इतकी जवळ.

"बघ मग आता," मी म्हटलं.

'तू' कधी निसटलं ते मला कळलंच नाही. त्याला मात्र कळलं होतं.