हॉरिपिलेशन म्हणजे…

ब्रह्मपुरीहून आरमोरीला निघालेल्या काळीपिवळीत एकच जागा उरली होती, आणि ती नेमकी मिथुनच्या शेजारची. मी बसले, पण तोंड फिरवून. त्याच्याकडे बघितलं असतं तर जीपमध्येच भांडण झालं असतं.

कारणच तसं होतं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी भीमगीत गायले. सगळ्यांनी ग्रुपवर टाळ्या टाकल्या, आणि इंग्रजी एम.ए.च्या या शहाण्याने टाकला एकच शब्द – हॉरिपिलेशन. पोरांनी लगेच अर्थ लावला : गाणं हॉरिबल, ऐकून पिल घ्यावी लागली! तेव्हापासून मी दिसले की कोणीतरी डोकेदुखीची गोळी मागतंच. शेवटी आज मी सरांना जाऊन सांगितलं, युवा महोत्सवातून माझं नाव काढा. नावं संध्याकाळी पाठवायची आहेत, तोवर विचार कर, असं सर म्हणाले. मी कसला विचार करते! गाणंच सोडणार होते.

वैनगंगेच्या पुलावर तो हळूच म्हणाला, "नाव काऊन काढलं?"

"तुह्या गोळीपायी."

त्याला काही कळेना. मग मी सगळं ऐकवलं, इतक्या मोठ्याने की ड्रायव्हरने टेप बंद केला. मिथुनचा चेहरा उतरला. शब्द लॅटिनमधून आलाय म्हणे. 'होरेरे' म्हणजे ताठ उभं राहणं, 'पिलुस' म्हणजे केस.

"काटा आला होता मले, संघप्रिया… अंगावर." मग पुटपुटला, "मोबाईलमधी अर्थ पाह्यचा होता."

"शिवी कोणी डिक्शनरीत पाह्यते काय?"

मी आणखीच भडकले. एवढे दिवस लोकांचं हसणं मी सोसलं, आणि हा लॅटिन सांगतोय!

"मंग मराठीत लिवता येत नव्हतं?"

"मराठीत लिवलं असतं तर… साऱ्याइले समजलं असतं."

"काय समजलं असतं?"

"हेच… का तू मले आवडते."

माझे कान तापले. रागानेच असणार. त्याच्यासमोरच मी सरांना फोन लावला आणि नाव राहू द्या म्हणून सांगितलं.

"ऐकाले येशीन?" मी खिडकीबाहेर बघत विचारलं.

"येईन ना."

"मंग फुलबाहीचा शर्ट घालून येजो. लोकाइले दिसाले नको."