सोड म्हटल्याशिवाय

हे वाचून कुणी हसलं तरी माझी हरकत नाही. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मीही हसले असते. पण त्या दुपारी मी तिथे होते, आणि जे झालं ते माझ्या सख्ख्या भावासोबत झालं. त्याला मात्र विचारायला जाऊ नका. तो विषय बदलतो.

आणि हो, रात्रबित्र काही नव्हती. रविवारची दुपार होती. जेवणं झाली होती. गॅरेजचं शटर अर्धं वर होतं आणि आत लख्ख ऊन आलं होतं.

दादाचं गॅरेज आमच्या घराच्या खालीच आहे. वरच्या मजल्यावर आई, दादा, वहिनी आणि मी राहतो.

वहिनी नर्स आहे. तिचा दवाखाना डोंगरापलीकडे. तिच्या ड्युटीच्या वेळेला बस नसते, म्हणून ती आमची छोटी गाडी घेऊन जाते. आकारावरून त्या गाडीला आम्ही डबी म्हणतो.

त्या आठवड्यात उतारावर डबीचे ब्रेक तापले आणि लागेनासे झाले. पेडल तळापर्यंत गेलं, पण गाडी थांबेना. वहिनीने गियर खाली पाडले, हँडब्रेक ओढला आणि गाडी कडेच्या मातीच्या ढिगात घातली. खालच्या बाजूला कठडाही नव्हता.

घरी आली, पाणी प्यायली आणि किल्ली दादापुढे ठेवली.

"तुझ्या डबीला आज ब्रेक नव्हते," एवढंच म्हणाली. मग थोड्या वेळाने, "मेकॅनिक नवरा करून काय मिळवलं मी?"

ती हसत म्हणाली होती. पण दादाच्या घशाखाली त्या दिवशी घास उतरला नाही.

दुसऱ्याच दिवशी तो भंगारात गेला. डबीच्याच कंपनीची एक मोठी गाडी आहे. तिच्या पुढच्या ब्रेकच्या डिस्क मोठ्या आणि जाड असतात, त्या लवकर तापत नाहीत. बोल्टांची भोकं जुळतात. चाकं तेवढी एका मापाने मोठी घालावी लागतात. असे बदल तो गिऱ्हाइकांना नेहमी करून द्यायचा. घरच्या गाडीचं तेवढं राहून गेलं होतं.

भंगारात तशी एक गाडी होती. मागून पार चेपलेली. पुढून साधा ओरखडाही नव्हता.

"डोळे झाकून न्या," भंगारवाला म्हणाला. "ह्या ब्रेकनी शेवटपर्यंत धरलं होतं."

दादाला वाटलं, माल खपवायला बोलतोय.

डिस्क, त्यांना पकडणारे कॅलिपर आणि पेडलच्या पुढचा मास्टर सिलिंडर, असं सगळं त्याने आणलं. शनिवारी बसवलं. रविवारी फक्त ब्रेकमधली हवा काढायची राहिली होती.

ह्या कामाला दोन माणसं लागतात. एक गाडीत बसतो, दुसरा चाकापाशी आडवा होतो. खालचा म्हणतो, "दाब." वरचा पेडल दाबून धरतो आणि म्हणतो, "धरलंय." मग खालचा चाकाजवळची हवा काढायची छोटी निपल ढिली करतो, तेलाबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर येतात. निपल परत आवळली की तो म्हणतो, "सोड."

सोड म्हटल्याशिवाय पाय उचलायचा नाही. उचलला की हवा परत आत जाते आणि सगळी मेहनत पाण्यात.

शाळेत होते तेव्हापासून गाडीत बसायचं काम माझं. एकदा दादा मला "दाब" म्हणून गिऱ्हाइकाशी बोलायला गेला आणि विसरला. परत आला तेव्हा मी पेडल धरून बसले होते आणि रडत होते. पायात गोळा आला होता, पण पाय उचलला नव्हता. त्यावरून तो मला अजून चिडवतो.

तर त्या रविवारी मी डबीत बसले. मी बुटकी, म्हणून सीट अगदी पुढे ओढून घेतली. सर्दीने माझा घसा बसला होता. दादा म्हणाला, "आज आवाज पुरुषासारखा काढलायस." एवढं चिडवून तो मागच्या चाकाकडे गेला.

पहिलं चाक झालं.

तेवढ्यात वरून आईने हाक मारली. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि डोळ्यात थेंब घालायची वेळ झाली होती. मी उतरले. "आले रे थेंब घालून," असं सांगितलंही. पण माझा घसा तो असा, आणि दादाचा रेडिओ चालू.

त्याला ऐकू गेलंच नाही.

आईने मला सहजासहजी सोडलं नाही. थेंब गालावर गेला, परत घातला. मग उशी सरकव, पडदा ओढ. मी खाली आले तेव्हा मधली दोन चाकं उरकून दादा शेवटच्या चाकापाशी होता. ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं चाक.

मी शटरपाशी पोचले आणि तो म्हणाला, "दाब."

आणि गाडीतून उत्तर आलं…

"धरलंय."

घोगरा आवाज. दमलेला.

मला वाटलं, कुणी शेजारपाजारचा येऊन बसला असेल. दादाने निपल आवळली. तेवढ्यात त्याला माझ्या चपला दिसल्या. शटरच्या दारात.

तो चपलांकडे बघत राहिला. मग हळूहळू मान वर करून माझ्या तोंडाकडे.

"तू… इथे?"

"आईकडे होते. केव्हाची."

तो गाडीखालून कसाबसा सरपटत बाहेर आला आणि त्याने दार उघडलं.

आत कुणी नव्हतं.

पण सीट… पार मागे सरकवलेली होती. लांब पायांच्या माणसाने सरकवावी तशी.

आणि ब्रेकचं पेडल खाली होतं.

आमच्या डोळ्यांदेखत ते जरासं वर आलं. पूर्ण नाही. जरासंच.

दादाने रेडिओ बंद केला आणि बराच वेळ हात पुसत राहिला.

"तूच होतीस," तो शेवटी म्हणाला. "मध्ये येऊन गेली असशील. तुझ्या लक्षात नाही."

मी वाद घातला नाही. त्याला तसं वाटणं गरजेचं होतं. वहिनीला दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं आणि तिच्यासाठी दुसरी गाडी नव्हती.

दादाने डबी स्वतः डोंगरावर नेऊन आणली. ब्रेक असे की पाय टेकवला की गाडी जागच्या जागी. पेडल थोडं खाली राहतं, ते नव्या सिलिंडरमुळे, असं त्याने ठरवून टाकलं. वहिनी खूश झाली.

दोन-तीन दिवसांत तिची तक्रार सुरू झाली. गाडी जड वाटते. कुणीतरी मागे ओढतंय असं वाटतं. चाकांना जळका वास येतो.

दादाने सगळं खोलून पाहिलं. काहीच अडकलेलं नव्हतं. परत बसवलं की चाकं परत जड.

आणि मग एका संध्याकाळी वहिनी उशिरा घरी आली. आल्या आल्या पायरीवरच बसली.

"उतारावर गाडी आपोआप थांबली," ती म्हणाली. "वळणावर. माझा पाय ब्रेकवर नव्हता. पेडल… आपसूक खाली गेलं. मी ॲक्सिलरेटर दाबला तरी हलेना. मागून ट्रक येत होता."

तिने पायातल्या चपला काढल्या.

"आरशात नुसता ट्रकच दिसत होता. शेवटच्या क्षणी त्याने बाजूने काढला. मग पाच-दहा मिनिटांनी गाडी आपली आपण निघाली."

मी वहिनीला इतक्या वर्षांत कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

ती आत गेल्यावर मी आणि दादा गॅरेजमध्ये उतरलो. दिवा लावला. डबीकडे बघत दोघंही उभे राहिलो. आणि मला एकदम पायातला तो गोळा आठवला.

"दादा, त्या दिवशी शेवटच्या चाकाला तू 'सोड' म्हणालास?"

तो वाकून चाक चाचपायला लागला.

"तू निपल आवळलीस, मला पाहिलंस आणि बाहेर आलास. सोड कुठे म्हणालास?"

"गप्प बस," दादा म्हणाला. पण त्याने जॅक घेतला.

पुढचं चाक वर उचललं. तो त्या रविवारसारखाच आडवा झाला, त्याच बाजूला. मी दोन्ही हातांनी चाक फिरवून बघत होते. ते तसूभर हलत नव्हतं. गाडीची दारं बंद होती. काचांमधून रिकामी सीट मला दिसत होती.

"सोड," दादा म्हणाला.

काही नाही.

"सोड."

गॅरेज इतकं शांत झालं की वरून आईच्या खोकल्याचा आवाज आला.

आणि मग गाडीतून… अगदी हळू…

"थांबली का गाडी?"

मी किंचाळलेसुद्धा नाही. सीट रिकामीच होती. मी तिच्याकडेच बघत होते.

दादाने डोळे मिटून घेतले. त्याची हनुवटी हलत होती. मला वाटलं, हा आता उठून पळणार.

"थांबली," तो म्हणाला. लहान मुलाला समजवावं तशा आवाजात. "थांबली रे बाबा. सगळे ठीक आहेत. सोड आता."

टक्… पेडल वर आल्याचा आवाज झाला.

आणि माझ्या हातांतलं चाक फिरायला लागलं.

दुसऱ्या दिवशी दादा भंगारवाल्याकडे गेला. त्याने अगदी सहज सांगितलं. त्या गाडीच्या मालकाने उतारावर ब्रेक दाबला होता. गाडी थांबलीच असती. पण मागून भरलेला ट्रक आला आणि तिला ढकलत घेऊन गेला. चाकं फिरली नाहीत, नुसती घासत गेली. मागचा पत्रा कापून त्याला बाहेर काढलं, तेव्हाही त्याचा पाय पेडलवर दाबलेलाच होता.

"शेवटपर्यंत धरलं होतं म्हणालो ना मी," भंगारवाला म्हणाला.

घरी येऊन दादाने मला हे सांगितलं आणि म्हणाला, "मी खोटं बोललो त्याच्याशी. थांबली म्हणालो."

तो ते ब्रेक काढून टाकणार होता. मग आम्ही वहिनीला सगळं सांगितलं. वाटलं, ती ओरडेल. तिने ऐकून घेतलं.

"जुने ब्रेक लावून मला परत त्या उतारावर पाठवणार आहेस?" ती म्हणाली. "हा निदान धरतो तरी. राहू देत."

डबी आता हलकी चालते. कधी थांबली नाही. वहिनी रोज जाते, रोज येते, आणि तिचा हॉर्न ऐकू येईपर्यंत दादा कुठल्याच कामाला हात लावत नाही.

परवा ब्रेकचं तेल बदलायचं होतं. मीच बसले. दादाने मला मोठ्याने पाढे म्हणायला लावले, म्हणजे आत मीच आहे हे त्याला कळत राहील. आम्ही हसलोही त्यावर. चारही चाकं नीट झाली. त्याने आठवणीने प्रत्येक वेळी "सोड" म्हटलं.

त्याला मी एक गोष्ट सांगितलेली नाही. वहिनीलाही नाही.

तो "सोड" म्हणाला की मी पाय लगेच उचलते.

पेडल मात्र… जरा थांबून वर येतं.