जवारीचा ताळा

तक्रारीच्या रकान्यात एकच ओळ होती : ‘वरच्या यंत्रातली फाईल खाली पोहोचत नाही.’ स्नेहल मगदूमने ती दोनदा वाचली. घरातली बिनतारी जाळी दुरुस्त करण्याच्या नोकरीला तिला अडीच वर्षे झाली होती आणि अशी तक्रार पहिल्यांदाच आली होती. फाईल न पोहोचणे ही गोष्ट आता देवीच्या रोगासारखी झाली होती. अभ्यासक्रमात होती, जगात नव्हती.

याचे श्रेय अंदाजपूर्तीला. बिनतारी लहरींवरून फाईल सलग जात नाही. तिचे हजारो तुकडे होतात आणि ते एकामागून एक हवेतून जातात. त्याच हवेत शेजाऱ्यांच्या यंत्रांचेही तुकडे फिरत असल्याने काही वाटेत हरवतात. पूर्वी घेणारे यंत्र हरवलेला तुकडा पुन्हा मागून घेई. पुढे घरोघरी शंभर-शंभर यंत्रे झाली, आणि मागण्यांचीच इतकी गर्दी उडाली की पाठवायला जागा उरेना. मग मागणेच बंद झाले. पत्रातला एखादा शब्द पाण्याने पुसला गेला, तर आपण पत्र परत पाठवत नाही. मागचापुढचा मजकूर पाहून तो शब्द मनाने भरतो. लाखो आवाज ऐकलेली आणि चित्रे पाहिलेली यंत्रेही तसेच करू लागली. हीच अंदाजपूर्ती. चारातले तीन तुकडे हरवले तरी फाईल पूर्ण दिसे. लग्नाचे फोटो, शाळेचे धडे, आजोबांचे निरोप, सगळे क्षणात पोहोचे आणि कोणालाच काही खटकत नसे.

तक्रार आलेले घर मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीत होते. खाली कारखाना, वर राहायची जागा, त्याच्यावर माळा. चौऱ्याहत्तर वर्षांचे दस्तगीरचाचा भुश्शात मांडी घालून बसले होते. समोर एक जुना तंबोरा आडवा ठेवलेला होता.

“तूच का ती हवा दुरुस्त करणारी?”

“हवा नाही चाचा, जाळं.”

“आमच्याकडं बिघडली तर तार तरी दिसती. तुमच्याकडं तीबी नाही. मग दुरुस्त काय करता?”

त्यांची सून नसीम चहा घेऊन आली. “तीन आठवडे झाले, यंत्राला शिव्या देतायत,” ती म्हणाली. “त्याआधी मला द्यायचे. तू सावकाश दुरुस्त कर, घाई नाही.”

चाचा हसले, पण लगेच गंभीर झाले. त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. त्यांचे थोरले भाऊ बाबालाल यांचा एक नेम होता. कारखान्यातून वाद्य बाहेर पडण्याआधी पाच मिनिटे छेडून त्याचा आवाज नोंदवून ठेवायचा. याला ते ‘पाठवणी’ म्हणत, लेकीची करतात तशी. आधी कॅसेटवर आणि मग, जुन्या कॅसेटही उतरवून घेऊन, संगणकात अशा तीनशे चाळीस पाठवण्या जमल्या होत्या. बाबालाल वारून सहा वर्षे झाली. त्यांचा तो संगणक माळ्यावर तसाच चालू होता. दोन वर्षांपूर्वी खाली नवे ध्वनियंत्र आल्यापासून चाचा रोज सकाळी त्याच्यावर एखादी पाठवणी ऐकत आणि मगच कानस हातात घेत.

“हा एकशे अठरा नंबरचा,” तंबोऱ्यावर हात ठेवत चाचा म्हणाले. “धारवाडच्या सुमंगला हेगडे यांचा. छत्तीस वर्षं ह्याच्यावर गायल्या. घोडी तडकली. नवी घोडी मी बसवीन, पण जवारी भाईचीच पाहिजे. सोमवारी येतायत. म्हणाल्या, तो आवाज परत आला नाही तर आता दुसऱ्या तंबोऱ्याशी ओळख करून घ्यायचं वय नाही, गाणं थांबवते. मी शब्द देऊन बसलोय.”

“जवारी म्हणजे?”

चाचांनी तिला जवळ बोलावले. तंबोऱ्याच्या तारा ज्या पट्टीवरून जातात ती घोडी. तिचा माथा सपाट नसतो, अगदी किंचित उतरता घासलेला असतो. त्यामुळे तार त्या उतारावर टेकत-सुटत थरथरते आणि एका स्वरातून बारीक बारीक अनेक स्वर फुटतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून ती जागा नेमकी पकडायची. कानशीचा एक हात जास्त पडला, तर आवाज मेला.

“ही थरथर म्हणजे जवारी. प्रत्येक कारागिराची निराळी. भाईची तर बहिऱ्यानंही ओळखावी.”

स्नेहलने काम सुरू केले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झाले ते लिहून ठेवायचे, ही तिची पद्धत. माळ्याच्या जिन्यात पोलादी आणि पितळी तारांची भेंडोळी खुंट्यांना टांगलेली होती. धातूमुळे लहरी अडतात. तिने सगळी भेंडोळी उतरवायला लावली.

“बापजाद्यांपासून ती तिथंच आहेत,” चाचा कुरकुरले.

“बापजाद्यांना फाईल खाली आणायची नव्हती.”

लहरी दुप्पट जोरकस झाल्या. फाईल भराभर उतरू लागली. नव्वद टक्के, पंच्याण्णव, शंभर. आणि पुन्हा शून्य. पाच वेळा पाहिले, पाचही वेळा तेच. वाटेतल्या अडथळ्याने फाईल कुठेही तुटली असती. ही मात्र पूर्ण पोहोचत होती आणि मग कोणीतरी ती नाकारत होते.

नाकारणारा माळ्यावर सापडला. बाबालाल यांचा संगणक इतका जुना होता की तो अजून ताळा पाहत असे. शाळेत गुणाकार केल्यावर आपण ताळा करून पाहतो, तसेच हे. पाठवणारे यंत्र फाईलच्या सगळ्या तुकड्यांवरून एक आकडा काढते, घेणारेही काढते. दोन्ही जुळले तर फाईल जशीच्या तशी पोहोचली. एका तुकड्यात केसाएवढा फरक असला, तरी आकडा जुळत नाही. खालचे नवे यंत्र हरवलेले तुकडे अंदाजाने भरत होते. ताळा चुकत होता. जुना संगणक दर वेळी म्हणत होता : पोहोचली नाही, पुन्हा पाठवतो.

“मग दोन वर्षं कशी येत होती?” जिन्याखालून चाचांनी विचारले.

स्नेहलने संगणकाची नोंदवही उघडली. दोन वर्षांपूर्वी घरात नवे जाळे बसवले, त्याच दिवशी कोणीतरी ताळा बंद करून ठेवला होता. बसवणाऱ्याने तेवढ्यापुरती अडचण मिटवली असणार. तीन आठवड्यांपूर्वी वीज गेली, संगणक बंद पडून पुन्हा चालू झाला आणि आपल्या जुन्या सवयीवर आला. बिघाड तीन आठवड्यांचा नव्हता. तीन आठवड्यांपूर्वी तो उघडा पडला होता.

ती खाली आली तेव्हा तिला शब्द जुळवावे लागले.

“चाचा, दोन वर्षं तुम्ही ऐकलंत त्यातला पाऊण भाग यंत्रानं भरलेला होता.”

“भरलेला म्हणजे कशानं?”

“त्यानं ऐकलेल्या हजारो तंबोऱ्यांवरून. सगळ्यांचा मिळून एक बेताचा आवाज होतो ना, तो. माणसाचं बोलणं असं भरलं तर कळतही नाही. पण जवारीतली ती बारीक थरथर त्याला गोंगाट वाटली असणार. त्यानं ती पुसून घेतली.”

“पोरी, मी सत्तावन्न वर्षं ह्या कामात आहे. मला कळलं नसतं?”

मूळ पाठवणी ऐकवल्याशिवाय त्यांना पटणार नव्हते. नव्या यंत्रांना वायर खुपसायला भोकच नसते, म्हणून फाईल दुसऱ्या मार्गाने खाली आणता येईना. संगणकाचा स्वतःचा ध्वनिवर्धक उंदरांनी कुरतडलेला होता. पण त्याला कानात घालायच्या वायरीसाठी एक गोल खाच होती. शनिवारी सकाळी स्नेहल आईच्या कपाटातून वायरीचा जुना हेडफोन घेऊन आली. चाचा जिना चढून माळ्यावर आले. तिने त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला आणि एकशे अठरा लावली.

हेडफोनमध्ये आधी खोकल्याचा आवाज झाला. मग कोणी पुटपुटले. चाचांचे डोळे विस्फारले.

“भाई! अगं, तो खोकतोय! ‘एकशे अठरा, हेगडेबाईंची लेक, सांभाळून न्या’ म्हणतोय. हे खाली कधीच ऐकू आलं नव्हतं.” ते हसत होते आणि डोळे पुसत होते. “मागं स्टोव्ह पेटलाय बघ. लाख वितळवायला ठेवली असंल. मी पलीकडं तंबोऱ्याचा भोपळा कापत असणार. पोचे पडलेला भोपळा आणला म्हणून त्याच दिवशी त्यानं मला बोल लावला होता. मग संध्याकाळी स्वतःच भजी घेऊन आला.”

अंदाजपूर्तीच्या हिशेबी तंबोऱ्याच्या फाईलमध्ये खोकल्याला आणि स्टोव्हला जागा नव्हती. स्नेहलला आपण आल्याचे सार्थक झाल्यासारखे वाटले.

मग तारा वाजू लागल्या. चाचांचे हसू हळूहळू मावळले. त्यांनी हेडफोन काढला, वायर तपासली, पुन्हा चढवला.

“हे काहीतरी बिघडलंय,” ते म्हणाले. “खरखरतोय. भाईनं हा असा बाहेर सोडलाच नसता.”

“ताळा जुळलाय, चाचा. एकही तुकडा इकडचा तिकडे नाही. हीच ती पाठवणी.”

त्यांनी हेडफोन उतरवून मांडीवर ठेवला. दोन वर्षे रोज सकाळी त्यांनी भावाचा आवाज म्हणून जे ऐकले, त्यावर कान घासला गेला होता, घोडी घासावी तसा. त्या कानाने त्यांनी अकरा नवे तंबोरे करून पाठवले होते. तरुण गायकांना ते फार आवडले होते.

“आता सोमवारी काय करू?” त्यांनी विचारले. “मला गोड लागतो तसा लावू, का हा वाईट लागणारा?”

स्नेहलने पाठवणी थांबवली. ते स्वतःच म्हणाले, “भाईचाच लावायचा. शब्द त्याच्या आवाजाचा दिलाय.”

दोन दिवस दोघांनी काम केले. स्नेहलने मूळ पाठवणीतला प्रत्येक बारीक स्वर किती जोरात आहे, ते पडद्यावर उभ्या रेघांनी मांडले. शेजारी नव्या घोडीच्या रेघा. चाचा कानशीचा एक हात मारत, तार छेडत आणि तिच्याकडे पाहत. “पाचवी रेघ अजून बुटकी आहे,” ती म्हणे. ते पुन्हा घासत.

“सत्तावन्न वर्षांनी मला दुसऱ्याचा कान उसना घ्यावा लागला,” ते एकदा म्हणाले. “तोबी डोळ्यांनी ऐकणारा.”

सोमवारी सुमंगलाबाई आल्या. त्यांनी तंबोरा उभा धरला, डोळे मिटले आणि चारी तारा छेडल्या. कारखाना गुंजू लागला. त्या थांबल्याच नाहीत. खूप वेळाने हलक्या आवाजात त्यांनी षड्ज लावला, आणि दारात उभ्या असलेल्या नसीमने पदर डोळ्यांना लावला.

“हाच,” बाई म्हणाल्या. “दस्तगीरमियाँ, बाबालालजी तुमच्या हातात बसलेत.”

चाचांनी हात जोडले. त्यांचा चेहरा शांत होता, पण स्नेहलने त्यांच्या जबड्याकडे पाहिले. दाताखाली खडा आलेल्या माणसासारखा तो आवळलेला होता.

बाई गेल्यावर ती म्हणाली, “जमलं, चाचा.”

“त्यांना जमलेलं ऐकू आलं.” चाचांनी कानस पुसून फळीवर ठेवली. “काल मी डोळे मिटून भाईला समोर बसवला. सगळा आला. चेक्सची लुंगी, बोटाला लागलेली लाख, सगळं. त्यानं तार छेडली आणि आवाज तुमच्या त्या यंत्राचा निघाला. गोड, गुळगुळीत. भाईच्या बोटाखालनं. आता आधी तिथं कुठला आवाज होता, तो शोधायला मी कुठं जाऊ?”

यंत्रातल्या फाईलचा ताळा पाहता येतो. माणसाच्या आठवणीचा पाहता येत नाही, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

“जाळ्याचं काय करू?” तिने विचारले. “ताळा बंद केला तर फाईल खाली येईल. चालू ठेवला तर कधीच येणार नाही.”

“चालू ठेव. तो हेडफोन इथंच राहू दे, तुझ्या आईला सांग. मी रोज वर जाऊन ऐकीन. कान परत लावून घेईन.”

“किती दिवस लागतील?”

चाचा जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबले.

“पहिल्यांदा नऊ वर्षं लागली होती,” ते म्हणाले. “पण तेव्हा भाई शेजारी बसून सांगत होता, हे चूक, हे बरोबर.”

ते माळ्यावर चढले. स्नेहलने हत्यारांची पिशवी आवरली आणि निघण्यापूर्वी वर डोकावून पाहिले. चाचांनी हेडफोन चढवला होता, दोन्ही हातांनी तो कानांवर घट्ट दाबून धरला होता, आणि नावडते औषध घ्यावे तसे तोंड करून ते ऐकत होते.