तीस इंचांची गाडी

सगुणावैनींना पासलीच्या वरचा माळ बघायचा होता, म्हणून आम्ही निघालो. त्यांचा एकुलता एक मुलगा सार्थक सहा वर्षं दर शनिवारी जीपमध्ये तंबू टाकून त्या माळावर मुक्कामाला जायचा. या श्रावणात किकवीजवळ हायवेवर मोटारसायकलवरून पडून तो गेला. सव्वीस वर्षांचा पोरगा! माळावर असं काय होतं की त्याला घरात करमत नव्हतं, ते आईला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

अडचण होती ती त्या जीपची, आणि तिला जबाबदार मी. मी मौलाली, कापूरहोळला माझं गॅरेज आहे. सार्थकची ती जुनी फोर-बाय-फोर मीच उंच करून दिली होती. दीड वर्षापूर्वी तो हात धुऊन मागे लागला. "मौलाचाचा, दाराखालची कड जमिनीपासनं तीस इंच पायजे. एकोणतीस नको, एकतीस नको." मी चाकांवरच्या कमानपाट्यांखाली लोखंडी ठोकळे घातले. पोराने चार वेळा टेप लावून मोजलं. मी वैतागून विचारलं, "गाडीचं लगीन लावायचंय का रं?" तो नुसता हसला.

त्या उंचीला वैनींचे गुडघे पुरेनात. एकदा स्टूल ठेवलं, ते कलंडलं आणि त्या पडल्या. सार्थक उचलून बसवायला आला तर म्हणाल्या, "म्या काय भाताचं पोतं हाय? आय नको म्हणून तर गाडी उंच केलीस तू!" तो म्हणाला, "दिवाळीपतूर थांब, आये." दिवाळी आली तेव्हा तो नव्हता. पोराला आपण नको होतो, हे मात्र वैनींच्या काळजात रुतून बसलं.

दिवाळी सरल्यावर सार्थकचे वडील मानसिंगदादा गॅरेजवर आले. उभा जन्म एसटी चालवलेला, मोजकं बोलणारा माणूस. "मौला, गाडी खाली घे. तिला चढता आलं पायजे." मी ठोकळे काढले, दाराखाली एक पायरी बसवली. ठोकळे भंगारात टाकायला निघालो तर दादांनी माझा हात धरला. "पोराच्या हौसेचं हाय. गोणपाटात बांध, गाडीतच ऱ्हाऊ दे."

सकाळी सातला आम्ही तिघं किकवीहून सुटलो. वैनी पायरीवर पाय देऊन, दादांचा हात धरून चढल्या आणि मागच्या सीटवर मांडीवर भाकरीचं गाठोडं घेऊन बसल्या. नसरापूर, मार्गासनी, वेल्हे मागे पडलं. पासलीत भाताची कापणी चालली होती, वाफ्यावाफ्यात पेंढ्या पडलेल्या. गावाच्या वर डांबर संपलं. पुढची वाट म्हणजे गवतातून गेलेल्या दोन चाकोऱ्या, आणि त्या बहुतेक सार्थकच्याच चाकांच्या होत्या. दादा त्यांच्यावरून गाडी अगदी हळू नेत होते.

पहिला फटका ओढ्याने दिला. पाणी गुडघ्याच्या वर, खाली गुळगुळीत गोटे! मध्यावर पुढचं चाक घसरलं आणि खाली घेतलेल्या गाडीच्या दारातून पाणी आत शिरलं. "दादा, थांबू नका! रेटा!" मी ओरडलो. इंजिन गुरगुरलं, गाडी आडवी सरकली, एका गोट्यावर धडकली आणि पाणी गाळत पलीकडे चढली. वैनींनी गाठोडं तेवढं डोक्यावर धरलं होतं.

पण खरी गाठ वरच्या वळणावर पडली. वाटेत कातळाची गुडघ्याएवढी पायरी. उजवीकडे कडा, डावीकडे सरळ दरी. दादांनी चाक चढवलं. कर्रर्र! मी बसवलेली पायरी मुडपून दगडात अडकली आणि गाडीचं पोट कातळावर टेकलं. चारी चाकं फिरून फिरून धूर काढू लागली. कशीबशी मागे घेतली. उंच होण्याआधी पोरगा गाडी इथेच ठेवून चालत वर जायचा; उंच झाल्यावर हीच गाडी इथून दर शनिवारी जात होती.

"फिरूया मागं," दादा म्हणाले.

"ठोकळे हायती न्हवं गाडीत?" वैनींनी विचारलं. "घाला."

"वैनी, गाडी उंच झाली तर तुमी उतरणार कशा? आन् चढणार कशा?"

"म्या उतरतच न्हाई. बसल्या जागी उचला. त्यो उचलाया आला तवा म्या न्हाई म्हणलं. आता तुमी उचला, भाऊ."

माणूस आत बसलेलं असताना मी कधी जॅक लावत नाही. त्या दिवशी लावला. चाकांना दगड लावले, बोल्ट सोडले, एकेक ठोकळा सारत गेलो. तीन चाकं झाली. चौथं दरीकडचं. ठोकळा बसवायला हात आत घातला आणि जॅकखालचा दगड फुटला! गाडी दरीकडे कलली! मी हात उपसला, दोन नखं तिथेच राहिली. दादांनी मागचापुढचा विचार न करता गाडीला खांदा दिला. "मौला! दगड!" मी पायाजवळचा धोंडा ढकलला. गाडी त्यावर टेकली आणि थांबली. आत वैनी जागच्या हलल्या नव्हत्या. हाताला फडकं गुंडाळून मी चौथा ठोकळा बसवला, मुडपलेली पायरी काढून फेकली. या खेपेला गाडीने ती कातळाची पायरी सहज पार केली, तेव्हा मला पोराची फार आठवण आली.

वर माळ लागला. वाळलेलं सोनेरी गवत, मागे तोरणा, समोर कोकणाकडे उतरत गेलेल्या निळ्या रांगा. एका जांभळीखाली तीन दगडांची चूल होती, आत जुनी राख. तिच्याजवळ दगडांचा एक चौथरा होता. चांगला ऐसपैस, फटींत दगडाच्या चिपा ठोकून पक्का बसवलेला, वर सपाट फरशा. चौथऱ्यापुढे जमिनीत दोन दगड पुरलेले होते.

"गुराख्याचं काम न्हाई हे," दादा म्हणाले. त्यांनी गाडी पुढे घेतली आणि पुढची चाकं त्या दोन दगडांना टेकवून उभी केली. मी वैनींचं दार उघडलं.

दाराखालची कड आणि चौथरा एका पातळीत होते. मी खिशातून टेप काढला. मोजलं. तीस इंच! एकोणतीस नाही, एकतीस नाही. शनिवारमागून शनिवार तो इथे दगड वाहत होता.

वैनी कुणाचाही हात न धरता गाडीतून चौथऱ्यावर आल्या. आधी चपला काढल्या. अनवाणी पाय फरशीवर टेकवून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग दादांकडे बघून म्हणाल्या, "अवो, ह्यो आपला ओटाच हाय की."

भाकरीचं गाठोडं कुणी सोडलं नाही. चुलीतली चिमूटभर राख वैनींनी पदराच्या टोकाला बांधली. मुक्काम न करता आम्ही फिरलो आणि दिवस मावळायच्या आत किकवीत पोचलो.

दादा सवयीने गाडी अंगणाच्या मध्यात उभी करायला लागले. "न्हाई," वैनी म्हणाल्या. "ओट्याला लावा."

फलाटाला एसटी लावावी तशी दादांनी जीप ओट्याला लावली. दार उघडलं. ओटा आणि दाराची कड एकसारखी. ज्या ओट्यावर वैनी रोज भिंत धरून चढायच्या, त्यावरून त्या आपल्या पायांनी थेट गाडीत जाऊन बसाव्यात, म्हणून पोराने ती उंची मागितली होती, आणि वरचा चौथरा पुरा व्हायचा म्हणून दिवाळीपर्यंत थांब म्हणाला होता. आणि आम्ही दोघा शहाण्यांनी तीच उंची काढून टाकली होती! दादा गाडीतून उतरले, आणि अंगणातल्या पाणी तापवायच्या बंबाकडे तोंड करून रडू लागले.

वैनी ओट्यावर उतरल्या. वळल्या, परत गाडीत जाऊन बसल्या. परत उतरल्या, परत बसल्या. मग ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटवर हात ठेवून म्हणाल्या, "सांगायचं हुतंस की रं लेका! म्या कवाच आले असते."